मावशीची जागा

हिरा आमच्याकडे पहिल्यांदा आली ती दिवाळीपुरती. नाशकातल्या एका बालगृहाची एक पद्धत होती. ज्या मुलींना सुट्टीत न्यायला कुणीच येत नाही, त्यांना दिवाळीचे दिवस ओळखीपाळखीच्या घरांत पाठवायचं. तिथं त्यांना अभ्यंगस्नान, फराळ, फुलबाज्या मिळायच्या आणि भाऊबीज झाली की त्या परत यायच्या. आईच्या कानावर हे कुठून आलं ते मला कधी कळलं नाही. माझ्या पाठचं एक बाळ जन्मून लगेच गेलं होतं. त्याबद्दल आमच्या घरात कुणी बोलत नसे आणि या पाहुणीबद्दलही फारशी चर्चा झाली नाही. वसुबारसेला आई सकाळच्या बसनं शहरात गेली आणि दुपारी एका मुलीचा हात धरून नाशिक रोडच्या आमच्या क्वार्टरच्या पायऱ्या चढून आली. मुलगी प्रत्येक पायरीवर थोडी थांबत होती. तिच्या अंगात निळ्या फुलांचा फ्रॉक होता आणि हातातल्या पिशवीत अगदी तसाच दुसरा. कुणा कापडवाल्यानं संस्थेला अख्खा तागा दिला होता आणि सगळ्या मुलींचे फ्रॉक त्यातूनच बेतले होते. पुढं बाजारात, बसमध्ये निळ्या फुलांची एखादी मुलगी दिसली की मला कळायचं, ही तिथली.

ती पाचेक वर्षांची असेल. वयाच्या मानानं फारच किरकोळ. तिचे आईवडील पेठ तालुक्यातले, डोंगराकडचे. द्राक्षांच्या कामाला मळ्यात उतरलेले. तिची आई सिव्हिल हॉस्पिटलात तापानं गेली आणि बापानं 'महिन्याभरात नेतो' म्हणून पोर संस्थेत ठेवली. त्याचा महिना काही भरला नाही. हे सगळं मला नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं. त्या दिवशी दिसली ती एवढीच, की घरात आल्या आल्या ती पायपुसण्याजवळ भिंतीला पाठ लावून उकिडवी बसली आणि गुडघ्यांना मिठी मारून आमच्या सगळ्यांकडे आळीपाळीनं बघत राहिली.

आमचं क्वार्टर दोन खोल्यांचं. बाबा एका सरकारी खात्याच्या वर्कशॉपमध्ये फोरमन होते. पहाटे दूधवाल्याची कडी वाजायची, मग नोटांच्या प्रेसचा भोंगा, मग रेल्वेच्या यार्डात डबे एकमेकांवर आदळल्याचा तो लांबत जाणारा खडखडाट. आम्हाला हे आवाज ऐकूच येत नसत. हिराला प्रत्येक आवाज ऐकू यायचा. डबे आदळले की ती विचारायची, "काय पडलं?" बाबा पेपरातून डोकं वर न काढता म्हणायचे, "काही नाही गं, मालगाडी भांडतीय." पुढं ती स्वतःच सांगू लागली, "बाबा, लय भांडती आज."

फराळाला तिनं हात लावला नाही. चकली हातात धरून ठेवायची आणि तेलकट बोटं फ्रॉकला पुसायची. तिसऱ्या दिवशी आईनं विचारलं, "मग तुला हवंय तरी काय?" तर म्हणाली, "काळी भाकर." आई चांदवडची. तिचा हात बाजरीवर बसलेला. नागली, म्हणजे नाचणी, तिनं कधी थापली नव्हती. बुधवारच्या बाजारातून ती पीठ घेऊन आली आणि गार पाण्यात मळायला बसली. भाकरी तव्यावर जायच्या आत फुटायची. हिरा दाराशी उकिडवी बसून बघत होती. शेवटी तिला राहवलं नाही. "अशी नाय. पाणी ऊन पायजे." आईनं पाणी उकळलं, पिठाची उकड काढली. भाकरी नीट जमली आणि खुरासणीच्या चटणीबरोबर हिरानं ती अख्खी खाल्ली. बाबा म्हणाले, "चला, सासूबाई आल्या घरात." आई किती दिवसांनी मोठ्यानं हसली ते मला आजही आठवतं, कारण मी पुस्तकातून मान वर केली होती.

भाऊबीज झाली, तशी आई तिला परत पोचवायला गेली आणि तिला घेऊनच परत आली. "मंडळाकडे अर्ज दिलाय," एवढंच बाबांना म्हणाली. बाल कल्याण मंडळानं पुढं रीतसर परवानगी दिली. हिरा आमच्याकडे राहील, पण ती सांभाळायला दिलेली मुलगी असेल. दत्तक नव्हे. दत्तकाचं विचारायला आईबाबा वकिलाकडे गेले तेव्हा मीही बरोबर होते. त्याच्या कोपऱ्यातल्या बाकावर मी एक जाड कादंबरी वाचत बसले होते. वकिलानं माझ्याकडे पेन रोखलं. "ही तुमचीच ना? मग नाही होणार. मुलगी असताना दुसरी मुलगी दत्तक घेता येत नाही. मुलगा घ्या, तो चालेल." आई म्हणाली, "पण आम्हाला ही हवीय." "कायद्याला तसं चालत नाही, ताई." मी पान उलटलं, पण त्या पानावरचं मला काही समजलं नाही. मी घरात होते म्हणून हिरा घरातली होऊ शकत नव्हती, हे गणित त्या वयात कुणाला सोडवता येणार! बाबांनी येताना बसस्टँडवर मला न मागता भेळ घेऊन दिली. (पुढं काही वर्षांनी तो कायदा बदलला. तेव्हा मी ग्रंथालयात नोकरीला लागले होते. ती बातमी वाचून मी पेपर घडी करून पर्समध्ये टाकला, पण घरी दाखवला नाही. तोवर फार उशीर झाला होता.)

हिरा खेळताना मधेच बसायची. दोरीच्या उड्या असोत, लगोरी असो, पाचदहा पावलं पळाली की उकिडवी बसायची, गुडघे छातीशी ओढून. मग उठायची. कॉलनीतली पोरं तिला 'बेडकी' म्हणायची. आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही. डोंगरातली माणसं लावणीला, निंदणीला अशीच तासन्‌तास बसतात. हिराच्या आईनं तिला पाठीशी बांधून हेच केलं असणार, असं आम्ही धरून चाललो होतो. शेजारच्या खैरनारकाकू सटाण्याकडच्या. त्या दारात गहू निवडत बसायच्या आणि म्हणायच्या, "रानातली पोर शे माय, तिला खुर्ची कशाला आवडंल?" आम्ही सगळे हसायचो. ओठ जरा काळसर दिसायचे, त्याला आई थंडी म्हणायची. थंडी नाशकात असतेच.

हिराला खोकला झाला आणि बाबा तिला कॉलनीतल्या दवाखान्यात घेऊन गेले तेव्हा पहिल्यांदा अडलं. बाबांच्या खात्याचा तो दवाखाना. कर्मचारी आणि त्याचं कुटुंब यांना तिथं औषध फुकट. बाबांच्या कार्डावर तीन नावं होती. कंपाउंडर तात्या फार भला माणूस. त्यानं कार्ड उलटसुलट करून बघितलं. "साहेब, हिचं नाव नाही. नाव नसलं तर मला साधी खोकल्याची बाटलीसुद्धा देता येत नाही. एक करू. खोकला तुम्हाला झालाय असं लिहू?"

"मला नाही झालेला," बाबा म्हणाले.

आई मागून म्हणाली, "अहो, झालाय म्हणा ना!"

त्या वर्षी कागदोपत्री बाबा फार आजारी होते. त्यांना खोकला झाला, कान फुटला, गोवर उठला. गोवर लिहिताना तात्याच हसला. पण दवाखान्यातले डॉक्टर देसले हसले नाहीत. त्यांनी हिराच्या छातीला नळी लावली आणि बराच वेळ काढली नाही. मग विचारलं, "ही खेळताना खाली बसते का?" आई म्हणाली, "हो, सवय आहे तिची. तिकडचीच." डॉक्टरांनी नळी गळ्यात अडकवली आणि म्हणाले, "सवय नाही, वहिनी. तिचं हृदय जन्मापासून नीट नाहीये. श्वास पुरत नाही म्हणून ती तशी बसते. तसं बसलं की जरा बरं वाटतं, हे तिच्या अंगानं आपलं आपण शोधून काढलंय." ऑपरेशन मुंबईलाच होईल आणि लवकर व्हायला हवं, असंही त्यांनी सांगितलं. रडून रडून निळी पडली तर तिचे गुडघे छातीशी दाबून धरायचे, ते त्यांनी आईला करून दाखवलं. परत आल्यावर खैरनारकाकूंनी दारातून विचारलं, "काय म्हणे डॉक्टर?" आणि आईनं सांगितल्यावर त्यांनी सूप खाली ठेवलं. "आणि आपण हसत व्हतो," त्या म्हणाल्या.

हृदयाचं ऑपरेशन बाबांच्या नावावर होणार नव्हतं. त्यांनी खात्याला अर्ज केला. उत्तर आलं, मूल कायदेशीर दत्तक हवं, नाहीतर कोर्टाचा पालकत्वाचा हुकूम हवा. दत्तक तर होत नव्हतं. हुकमासाठी कोर्टात जायचं, तर आधी हिराच्या बापाचा शोध, मग नोटिसा, मग तारखा. वकील म्हणाला, "होईल हो. पण धीर धरा." धीर आम्हाला होता. हिराच्या हृदयाला नव्हता. म्हणून आईबाबा पगारेबाईंकडे गेले. पगारेबाई म्हणजे बालगृहाच्या अधीक्षिका, जाड भिंगांच्या, आवाजानं करड्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आमच्याकडे असती ना, तर हे सगळं फुकट झालं असतं. बालगृहातल्या मुलांची ऑपरेशनं मुंबईला होतात. सरकारचं पत्र असतं, सोबत आमची मावशी जाते. पण ते आत राहणाऱ्या मुलांसाठी. ही बाहेर दिलेली."

"म्हणजे तिला घर मिळालं म्हणून तिचं ऑपरेशन नाही?" आईनं विचारलं.

पगारेबाईंनी चष्मा काढून पदरानं पुसला. "असंच आहे ते. मी केलेलं नाही."

पावसात दोन घरांच्या मधल्या बोळात उभं राहिलं, तर दोन्हीकडच्या पागोळ्या आपल्याच डोक्यावर गळतात. हिरा तशी उभी होती. मार्ग एकच होता. तिला बालगृहात परत आणून सोडायचं. नुसतं कागदावर नाही, खरंच, कारण तपासायला माणसं यायची. आईनं जो प्रश्न विचारायचा तो विचारला. "आणि बरी झाली की परत द्याल?" पगारेबाई खोटं बोलत नसत. "ते मी नाही ठरवत. मंडळ ठरवतं. तोवर बाप उगवला तर त्याची. मुलगी नसलेलं, दत्तक मागणारं एखादं घर मिळालं तर त्यांची. तुमच्या आधी त्यांचा नंबर." आई उठली. "मग नाही," म्हणाली आणि चपला घालून बाहेर जाऊन उभी राहिली.

त्याच सुमाराला हिरा आईला 'आई' म्हणू लागली होती. आल्यापासून ती तिला काहीच म्हणत नसे. नुसतं "ओ" म्हणायची, नाहीतर समोर येऊन उभी राहायची. एका सकाळी न्हाणीघरातून हाक आली, "आई, पाणी गार झालं!" हाक मीच मारली असं आईला वाटलं असावं, कारण तिनं आधी माझ्याकडे बघितलं. मी तर समोर दप्तर भरत होते. तव्यावरची पोळी जळली. बाबा म्हणाले, "काय जळतंय?" आई म्हणाली, "काही नाही," आणि गरम पाण्याचं पातेलं घेऊन आत गेली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी ते झालं. कडाक्याची थंडी होती. रिबन लाल हवी की हिरवी यावरून हिरा हट्टाला पेटली, रडायला लागली आणि रडता रडता तिचा आवाजच बंद झाला. तोंड शाईसारखं निळं. मान एका बाजूला. आईनं तिला मांडीवर घेऊन तिचे गुडघे छातीशी दाबले आणि "हिरा, हिरा" असं नुसतं म्हणत राहिली. मी तिथंच उभी होते. यार्डात डबे आदळले आणि कुणीच विचारलं नाही काय पडलं ते. मग हिरानं एकदम श्वास ओढला. हळूहळू तिचे ओठ माणसासारखे झाले. आईनं तिला दोन्ही रिबनी बांधल्या, एका वेणीला लाल, एका वेणीला हिरवी. मग बाबांना म्हणाली, "रजा टाका. आपण पगारेबाईंकडे जातोय."

तिथं गेल्यावर आईनं जे विचारलं ते बाबांनाही ठाऊक नव्हतं. "तुमच्याकडे मावशीची जागा रिकामी आहे का?"

बालगृहात मुलींना न्हाऊमाखू घालणाऱ्या, वेण्या घालणाऱ्या, जेवण वाढणाऱ्या बायांना मावशी म्हणत. त्या तिथंच राहत आणि सगळ्यांना निळ्या काठाचं एकसारखं लुगडं असे. पगारेबाई आईकडे बघत राहिल्या. "जागा नेहमीच रिकामी असते. कोण टिकतंय? पण तुम्ही? फोरमनसाहेबांच्या मिसेस?"

"मुंबईला मुलीबरोबर मावशी जाते म्हणालात ना. ती मी जाईन."

"हे बघा वहिनी, मावशी झालात तर सगळ्या मुलींच्या मावशी. एकीचे लाड चालणार नाहीत. आणि तिनं तुम्हाला आई म्हणायचं नाही. एकीनं आई म्हटलं ना, की रात्री जेवताना बाकीच्या विचारतात, आमची कुठाय. मला उत्तर देता येत नाही हो."

"नाही म्हणणार," आई म्हणाली.

कॉलनीत व्हायची ती चर्चा झाली. "फोरमनची बायको आया म्हणून लागली," असं नळावर बोललं गेलं. खैरनारकाकू आईच्या तोंडावर म्हणाल्या, "तू पागल शे का गं? स्वतःची पोर टाकून लोकांची पोर धरती?" आणि दुसऱ्या दिवसापासून दोन वेळची आमटी आमच्या घरी पोचवू लागल्या. बाबांना पोळ्या येत नव्हत्या. मला यायच्या, पण नकाशासारख्या. खैरनारकाकू माझी पोळी उचलून बघायच्या. "हा कंचा जिल्हा?" बाबा न हसता सांगायचे, "धुळे."

निघायच्या दिवशी सकाळी आईनं हिराला पुढ्यात बसवून वेणी घातली. हिराच्या अंगात पुन्हा तो निळ्या फुलांचा फ्रॉक होता. तो आता तोकडा झाला होता. आई म्हणाली, "हिरू, ऐक. तिथं गेलं की मला आई म्हणायचं नाही. मावशी म्हणायचं. सगळ्या मुली म्हणतात तसं."

"मुंबईला पण?"

"मुंबईला पण."

"मंग घरी?"

"मी सांगेपर्यंत मावशीच. मी सांगेन तुला. कळलं?"

हिरानं मान हलवली. त्या वयात माणूस मोठ्यांचं किती नीट ऐकतो! तिनं दारातच सुरुवात केली. "मावशी, पिशवी."

मुंबईला मी एकदाच गेले, बाबांबरोबर, ऑपरेशन झाल्यावर. लांबलचक वॉर्ड, फिनेलचा वास आणि खाटांखाली मुलांच्या आयांच्या वळकट्या. आई त्या एकसारख्या लुगड्यात हिराच्या खाटेपाशी स्टुलावर बसली होती आणि मला क्षणभर ओळखूच आली नाही. शेजारच्या खाटेपाशी जळगावची एक बाई होती. तिनं बाबांना सांगितलं, "या मावशी आश्रमाच्या आहेत. पण जीव बघा कसा लावतात! सख्खी आईसुद्धा इतकं नाही करत." मग आईकडे वळून म्हणाली, "मावशी, तुम्हाला पोरंबाळं नाहीत का हो?" आईनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "आहेत ना." त्या बाईनं विचारलं, "किती?" आई हिराची चादर सारखी करू लागली. हिराच्या छातीवर मधोमध पट्टी होती. मी तिच्या ओठांकडे बघितलं. ते गुलाबी होते. मी ते तसे कधीच पाहिले नव्हते. तिनं मला बोटानं खुणावलं आणि कानात सांगितलं, "ताई, मावशीला सांग ना, घरी जाऊ."

पण घरी जायचं नव्हतं. तिथून त्या दोघी बालगृहात गेल्या. आई मावशी आणि हिरा मुलींतली एक. उन्हाळा तसाच गेला. रविवारी मी आणि बाबा भेटायला जायचो आणि आई आम्हाला व्हरांड्यात भेटायची. पदराला पिठाचे हात पुसत ती माझ्या शाळेचं विचारायची. हिरा अंगणात पळत असायची. पळत असायची, हे मी मुद्दाम लिहिते आहे. ती न थांबता पळायची, न बसता. दरम्यान एका जोडप्यानं मुलगी मागितली होती. त्यांना मूलबाळ नव्हतं, चांगली माणसं होती, येताना बिस्किटं घेऊन यायची. त्यांना हिरा आवडली होती. आई त्यांच्यासाठीही चहा घेऊन जायची, मावशी म्हणून.

हिराला परत मागणारा आमचाही अर्ज होता, म्हणून मंडळ बसलं त्या दिवशी आम्हालाही बोलावलं होतं. टेबलामागं एक वयस्कर बाई, एक वकील, एक गुरुजी. एका बाकावर ते जोडपं, दुसऱ्या बाकावर बाबा आणि मी. भिंतीलगत मावशा उभ्या होत्या, पगारेबाईंनीच त्यांना बोलावलं होतं, आणि त्यात आई. सगळ्यांची लुगडी एकसारखी. त्या वयस्कर बाईंनी हिराला जवळ घेतलं. "बाळा, तुला कुणाकडे राहायला आवडेल?"

हिरा म्हणाली, "मावशीकडे."

बाई हसल्या. त्या जोडप्यातली बाईही हसली, कारण असं सगळीच मुलं म्हणतात. "मावशी तर इथंच असतात. घरी राहायला कुणाकडे?"

"मावशीकडे."

आई भिंतीशी तशीच उभी होती. तिला एक शब्द बोलता आला असता, पण तो तिनं दिलेल्या शब्दाबाहेरचा होता. वकिलानं कागद पुढं ओढला. गुरुजींनी तेवढ्यात विचारलं, "पण मावशा तर पुष्कळ आहेत. कोणती मावशी?"

हिरानं भिंतीकडे बघितलं. ती तिथं गेली नाही, बोटही दाखवलं नाही. तिला वाटलं असावं, एवढं साधं कसं कळत नाही. "जिला घर हाय ती," ती म्हणाली. "तिला ताई पण हाय. आन मालगाडी."

पगारेबाई खिडकीकडे वळल्या. मग बिस्किटवाल्या बाईच नवऱ्याला म्हणाल्या, "चला, उठा. ती यांचीच आहे." त्यांचं नाव मला माहीत नाही. त्यांना पुढं मूल मिळालं का, तेही नाही. पण देवाला नमस्कार करताना मला त्या कधीमधी आठवतात.

पालकत्वाचा हुकूम व्हायला आणखी बराच काळ गेला. तो आला तेव्हा बाबा दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून दवाखान्यात गेले. तात्यानं कार्डावर चौथं नाव लिहिलं, त्यावर फुंकर मारली आणि म्हणाला, "चला साहेब. आता तुमची तब्येत सुधारेल."

हिरा शिकली, मोठी झाली. सातपूरच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळू लागली. बाबा गेले तेव्हा 'बाबा' म्हणत घर डोक्यावर घेतलं ते तिनंच. आईला मात्र ती मावशीच म्हणत राहिली. लोकांना वाटायचं, आईची भाची असेल. मी एकदा आईला विचारलं होतं. आम्ही तेव्हा इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो होतो. आई बाल्कनीत नागली पाखडत बसली होती. "तुला वाईट नाही वाटत? ती आधी आई म्हणायची." आईचं सूप थांबलं नाही. "तिला वाटेल तेव्हा म्हणेल. ही काय मागून घ्यायची गोष्ट आहे?" मी पुन्हा तो विषय काढला नाही. आमच्या घरात आम्ही सगळेच असे, मागून न घेणारे.

आईला जाऊन आता वर्ष होत आलं. ती गेली त्या दुपारी घरात माणसं जमत होती आणि हिरा स्वयंपाकघरात उभी राहून कारखान्यात फोन करत होती. "सर, रजा पाहिजे होती. मावशी वारली... हो, मावशी... एकच दिवस का? बरं." मी पाण्याची कळशी घ्यायला आत गेले होते. मी म्हटलं, "अगं, आई म्हण ना. मावशीसाठी एकच दिवस देतात. आई म्हटलंस तर तेरा दिवस मिळतील."

तिनं फोनवर हात ठेवला. "तिनं सांगितलं कुठं, ताई?"

"काय सांगितलं कुठं?"

"ती म्हणाली होती ना, मी सांगेपर्यंत मावशीच म्हणायचं. मी सांगेन म्हणाली होती." तिचा आवाज अगदी सरळ होता. "मी वाट बघत होते. ऑपरेशननंतर घरी आलो तेव्हा वाटलं, आता सांगेल. कार्डावर नाव आलं तेव्हा वाटलं. मग वाटलं, तिला मावशीच बरं वाटत असेल."

आणि बोलता बोलता ती ओट्याला पाठ घासत खाली गेली आणि गुडघे छातीशी ओढून उकिडवी बसली. किती वर्षांत मी तिला तसं बसलेलं पाहिलं नव्हतं. फोनमधून "हॅलो, हॅलो" ऐकू येत होतं. मी कळशी खाली ठेवली. तिच्या हातातून फोन घेतला. मला परक्या माणसांशी फोनवर बोलायला आवडत नाही, कधीच आवडलं नाही.

"मी हिराची मोठी बहीण बोलतेय," मी म्हटलं. "आमची आई गेली."